मामूंच्या गाडीचा गिअरबॉक्स

गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही बर्मिंगहॅमला मामूंकडे तीन आठवडे राहिलो. मामूंनी रत्नागिरी सोडली त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. तिथे बस डेपोत फिटर म्हणून त्यांनी उमर काढली. सलाम-दुआ झाली, चहा झाला, गावाकडच्या एकेका घराची खुशाली सांगून झाली. मग मामू उठले आणि म्हणाले, "चल, तुला आमची म्हातारी दाखवतो."

मामी हसल्या. म्हातारी म्हणजे मागच्या गॅरेजात उभी असलेली हिरवी, उघड्या टपाची, १९७० सालची एमजीबी.

ही गाडी १९६२ साली बाजारात आली. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातल्या एमजी कारखान्यात ती बनत असे. १७९८ सीसीचे साधे, दणकट इंजिन आणि नोकरदाराच्या आवाक्यातली किंमत यांमुळे १९८० पर्यंत अशा पाच लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. मामूंनी आपली गाडी जुनी म्हणूनच घेतली होती. तिच्यातून त्यांनी मुलांना शाळेत सोडले, मामींना बाजारात नेले. आता ती फक्त रविवारी निघायची आणि गेले वर्षभर तेही बंद होते.

"बस," मामू म्हणाले, "आणि कान देऊन ऐक."

गाडी पहिल्या गिअरमध्ये निघाली आणि पायाखालून घरघर सुरू झाली. दुसऱ्यात तीच, तिसऱ्यातही तीच. दुसरा टाकताना दात करकरलेसुद्धा. पण चौथा पडला आणि सगळे शांत झाले.

"आता मास्तर, सांगा दुखणे कुठे आहे?"

वीस वर्षे मुलांची परीक्षा घेणारे आम्ही, त्या परीक्षेत साफ नापास झालो.

आधी ऐका, मग खोला

घरी येऊन मामूंनी टेबलावर दोन पेन्सिली समांतर ठेवल्या. अशा गिअरबॉक्समध्ये इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा मुख्य शाफ्ट एका रेषेत असतात. त्यांच्या खाली तिसरा असतो, तो लेशाफ्ट. त्याच्यावर दातांच्या चाकांचा एक जोडलेला गठ्ठा फिरतो. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद आधी खाली या गठ्ठ्यात उतरते आणि तिथून वर मुख्य शाफ्टवर जाते. चौथ्या गिअरमध्ये मात्र वरचे दोन्ही शाफ्ट थेट एकमेकांत अडकतात. खालचा गठ्ठा तेव्हाही फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो.

म्हणजे तीन गिअरमध्ये आवाज आणि चौथ्यात शांतता असेल, तर संशय लेशाफ्टवर आणि त्याच्या नीडल बेअरिंगवर. एक पाना न लावता निदान झाले.

पण घरात वाद वेगळाच होता. मामूंचा मुलगा म्हणत होता, "अब्बा, विकून टाका. नाहीतर हा काढून पाच गिअरचा बसवा." त्याचे म्हणणे वावगे नव्हते. फोर्ड सिएराचा टाइप ९ हा पाच गिअरचा गिअरबॉक्स अनेक जण एमजीबीत बसवून घेतात. शिवाय मामूंचे हात आता थरथरतात. चहाचा कपसुद्धा ते दोन्ही हातांनी धरतात.

मामू एवढेच म्हणाले, "एकदा खोलून बघू दे. माझ्याने झाले नाही, तर तू म्हणशील तसे."

खोलल्यावर काय दिसले

या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स सहसा एकत्रच वर उचलून काढतात. शनिवारी मुलाने भाड्याने क्रेन आणली आणि दुपारपर्यंत सगळे खाली उतरले. काढलेल्या तेलात मामूंनी लोहचुंबक बुडवले. ते लोखंडाच्या बारीक चकत्यांनी केसाळ होऊन बाहेर आले. भांड्याच्या तळाशी सोनेरी भुकटीही होती. ती चुंबकाला चिकटली नाही, कारण ती सिंक्रो रिंगांची झीज होती.

लेशाफ्ट बाहेर आला, तेव्हा मामूंनी तो आमच्या हातात दिला. एका बाजूने आरशासारखा गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. हा शाफ्ट स्वतः फिरत नाही. तो जागेवर असतो आणि गठ्ठा त्याच्याभोवती फिरतो, त्यामुळे सगळा भार वर्षानुवर्षे एकाच बाजूला पडतो. पोलादाचे वरचे कवच मुद्दाम कठीण केलेले असते आणि आतला गाभा चिवट ठेवलेला असतो. कवच एकदा उडाले की त्याचे कण तेलातून सगळीकडे फिरतात आणि चांगले भागही खातात. मामूंच्या गाडीतही गठ्ठ्याच्या आतला बेअरिंगचा भाग खराब झाला होता. दात चांगले असूनही गठ्ठा बदलावा लागणार होता. मुलगा काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर हिशेब दिसत होता.

मग सिंक्रो रिंग. ही रिंग गिअरच्या शंकूवर घासून दोघांची गती आधी सारखी करते, म्हणून दात न भांडता जुळतात. मामूंनी रिंग शंकूवर हाताने दाबली आणि रिंग व गिअर यांच्या दातांमधली फट फिलर गेजने पाहिली. दुसऱ्या गिअरची फट जवळजवळ संपली होती. रिंग झिजल्याने पार आत बसत होती, पकड धरत नव्हती.

झिजेचे एक कारण वय. दुसरे कारण मामूंना आठवत होते. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने "गिअरबॉक्स आहे, म्हणजे गिअर ऑइलच" असे म्हणून भलतेच तेल भरले होते. मामूंच्या गाडीच्या पुस्तिकेत गिअरबॉक्ससाठी इंजिनाचेच २०डब्ल्यू-५० तेल सांगितले आहे. जड भार सोसणाऱ्या काही गिअर तेलांत गंधकाची रसायने असतात. ती पितळ-काशाच्या भागांना मानवत नाहीत, आणि तेल फार निसरडे झाले तर सिंक्रोची पकडही सुटते.

मजबुती म्हणजे काय?

आम्हाला वाटले होते, मजबूत करायचे म्हणजे जाडजूड भाग बसवायचे. शर्यतीच्या गाड्यांत सरळ दातांचे गिअर बसवतात, ते भार चांगला सोसतात, पण चालताना किंचाळतात. मामूंना रविवारी मामींशी बोलत जायचे होते.

एमजीच्या कारखान्यालाही ही मर्यादा भेटली होती. १९७३ ते १९७६ या काळात त्यांनी एमजीबी जीटीमध्ये रोव्हरचे साडेतीन लिटरचे व्ही-८ इंजिन बसवले. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे लांबच्या रस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी करणारा मागचा जादा भाग, त्या गाडीत सुरुवातीला तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये चाले. वाढलेली ताकद त्याला झेपेना, तेव्हा तो फक्त चौथ्यापुरता ठेवला.

मामूंच्या साध्या इंजिनाला मुळातला गिअरबॉक्स पुरेसा होता आणि ओव्हरड्राइव्ह चौथ्यात फेरे सुमारे १८ टक्क्यांनी कमी करत होताच. म्हणून त्यांनी पैसे खर्च केले ते असे: नीट कठीण केलेला चांगल्या प्रतीचा लेशाफ्ट, दुसरा तपासलेला गठ्ठा, सगळी बेअरिंगे नवी, सिंक्रो रिंगा आणि ऑइल सील नवे. मग मापे. गठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना वॉशर असतात. ते बसवल्यावर गठ्ठ्याला मागेपुढे हलायला इंचाच्या दोन-तीन हजारांश भागाएवढीच जागा हवी. जास्त असेल तर गठ्ठा हलत राहतो, कमी असेल तर घासून तापतो. ते माप येईपर्यंत मामूंनी चार वेळा वॉशर बदलून पाहिले.

गाडे अडले ते सिंक्रोच्या हबवर. त्यात तीन बारीक स्प्रिंगा आणि त्यांच्यावर तीन छर्रे असतात. ते तिन्ही एकदम आत दाबून वरून कडे सरकवायचे. मामूंच्या बोटांतून छर्रा सुटला, टणकन् भिंतीवर आपटला. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा स्प्रिंगच हरवली. मामू स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प राहिले. मुलाने दाराकडे पाहिले. आम्ही जमिनीवर छर्रे शोधत राहिलो.

सोळा वर्षांची नात दारात उभी होती. "दादा, मी धरू?" ती म्हणाली.

"हात तेलकट होतील."

"धुईन ना."

मामू सांगत गेले, ती करत गेली. "ग्रीस लाव, म्हणजे छर्रा चिकटून राहील. घाई नको. आता अंगठा इथे." दुसऱ्या प्रयत्नात कडे खट् करून बसले. त्यानंतर प्रत्येक भाग मामूंनी तपासला आणि तिने बसवला. प्रत्येक माप तिने वहीत लिहिले.

आपल्या घरातल्या गाडीसाठी

मामूंनी सांगितलेल्या काही गोष्टी आपल्या दारातल्या साध्या मॅन्युअल गाडीलाही लागू आहेत. गाडी चालताना क्लचवर पाय ठेवून बसू नका. मामूंच्या गाडीत क्लच दाबणारे बेअरिंग ग्रॅफाइटचे आहे, पाय ठेवला की ते झिजतेच. सिग्नलला थांबलात तर न्यूट्रल करा. गिअरच्या दांड्यावर हात टेकवून ठेवू नका. गिअर टाकताना क्षणभर थांबा, ढकलू नका. तेल पुस्तिकेत सांगितले असेल तेच घाला. आणि नवा आवाज आला, तर कोणत्या गिअरमध्ये येतो आणि कोणत्यात थांबतो ते मेकॅनिकला सांगा, त्याचे अर्धे काम होईल.

आम्ही निघायच्या आदल्या रविवारी गाडी बाहेर काढली. चालवायला मुलगा बसला, शेजारी मामू. पहिला, दुसरा, तिसरा. घरघर नव्हती. परत आल्यावर मुलाने किल्ली खुंटीवर अडकवली आणि विचारले, "अब्बा, पुढच्या रविवारी किती वाजता?"

जुना लेशाफ्ट आम्ही मागून आणला. तो आता आमच्या शाळेत आठवीच्या वर्गात आहे. मुले खड्ड्यांवरून नख फिरवतात आणि विचारतात, "सर, एकाच बाजूला का झिजला?" आम्ही टेबलावर दोन पेन्सिली ठेवतो.