फी कुठली, दार कुठले?



बारावीचा निकाल लागला की आमच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजायच्या आधी पोरींच्या ॲडमिशनचा विषय निघतो. मागच्या वर्षी गटातल्या एका ताईंच्या घरी एजंट आला होता. पुण्याकडचे खासगी इंजिनिअरिंग कॉलेज, उंच इमारत, चकचकीत पुस्तिका. "आज पंचवीस हजार भरा, सीट पक्की. बाकीचं कर्ज करून देऊ." ताई आणि दाजी दोघेही ऊसतोडीला जातात. दाजी म्हणाले, यंदा मुकादमाकडून उचल जास्त घेऊ. ताई रात्री आमच्याकडे आल्या. "पोरगी शिकंल, पण आम्ही अजून किती सीझन तोडायचं?"

मग आम्ही कागद घेऊन बसलो. समजा फी, राहणे, मेस मिळून वर्षाला 2 लाख लागले आणि ते बँकेकडून 10 टक्क्यांनी घेतले. चार वर्षांत 8 लाख. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज मोजले जाते. ते साधारण 2 लाख 80 हजार होते. म्हणजे हप्ता सुरू होताना डोक्यावर 10 लाख 80 हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 14 हजार 270 रुपये. पहिल्या नोकरीत पोरीला 18-20 हजार मिळाले, तर खोलीभाडे कशातून द्यायचे? उचल म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आधी पैसा, मग अंग मोडेपर्यंत काम. (कमी उत्पन्नाच्या घरांसाठी शिक्षण चालू असतानाचे व्याज सरकार भरते अशी योजना आहे. आपली संस्था आणि कोर्स त्यात बसतो का, हे सही करायच्या आधी बँकेत विचारा.)

पण खरी गोम वेगळीच निघाली. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. विनाअनुदानित खासगी कॉलेजातसुद्धा. अट एवढीच की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेले की माफी गेली. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना तर ती लागूच नाही. एजंटची 'पक्की सीट' मॅनेजमेंट कोट्यातली होती. एकाच वर्गात, एकाच बाकावर, एका पोरीची शिक्षण फी शून्य आणि दुसरीची लाखांत. कॉलेज कुठले यापेक्षा पोरगी कुठल्या दाराने आत गेली, हे आधी बघायचे. एससी, एसटीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आधीपासून आहे, तिथेही प्रवेश कुठल्या दाराने ते विचारलेच जाते.

आता बायका विचारतात, महाग कॉलेजात गेल्यावर नोकरी मोठी लागत नाही का? अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच हुशारीची मुले, काही नामांकित कॉलेजात गेलेली, काही साध्या. पुढच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. मात्र गरीब घरच्या मुलांना नामांकित कॉलेजाचा फायदा झाला होता. आम्हाला वाटते, ओळखीपाळखी नसलेल्या घराला कॉलेजच ओळख मिळवून देते. म्हणून 'जवळचं स्वस्त ते बरं' असे आम्ही डोळे झाकून सांगत नाही.

पण नामांकित म्हणजे महाग, हे गणित आपल्याकडे उलटे आहे. आपल्या राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे 1983 नंतर वाढली. पुण्याचे सीओईपी 1854 पासूनचे, आणि ते सरकारी. पवईची आयआयटी सरकारी. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि तिथे कोकणापासून विदर्भापर्यंतची मुले येतात. नावही मोठे आणि फीही परवडणारी, अशा जागा आधी धरायच्या. त्या मार्कांवर मिळतात, पैशावर नाही, म्हणून एजंट त्यांचे नाव काढत नाही.

सरकारी म्हणजे सगळे चांगले असेही नाही. आम्ही स्वतः मराठवाडा विद्यापीठाच्या बी.ए. आहोत. फी नाममात्र होती, पण एका विषयाला वर्षभर प्राध्यापकच नव्हते. गाइड वाचून पास झालो. म्हणून जायच्या आधी एक दिवस कॉलेजात जाऊन बसा. तास होतात का, प्रयोगशाळेला कुलूप तर नाही ना, मागच्या वर्षीच्या पोरी आता कुठे आहेत, हे तिथल्या मुलींनाच विचारा. ऑफिसात विचारून उपयोग नाही.

ताईंनी एजंटला पैसे दिले नाहीत. कॅपच्या दुसऱ्या फेरीत पोरीला संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. शिक्षण फी माफ झाली, मेस आणि पुस्तके उरली. त्यासाठी गटाने शेकडा दीडने 20 हजार अंतर्गत कर्ज दिले. पण नॉन क्रीमी लेयरचा दाखला वेळेत मिळावा म्हणून दाजींनी तहसीलला सहा चकरा मारल्या. यंदा आमच्या गटात अकरावीच्या चार पोरी आहेत. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, जात वैधता, यांचे अर्ज दिवाळीनंतर तोडीला जायच्या आधीच टाकायचे, असे बैठकीच्या वहीत लिहून घेतले आहे.