हा पूल नदीवरचा नव्हे

नदीवरच्या पुलाला आणखी दोन लेन जोडल्या की गाड्या जास्त जातात. डेटाबेसची कनेक्शन उघडून हाताशी ठेवणाऱ्या कनेक्शन पूलच्या बाबतीतही बरेच जण नकळत हाच हिशेब लावतात. संध्याकाळच्या गर्दीत ॲप अडखळलं की टीममधून हमखास सूचना येते, "पूल साइज वाढवा." १० चे ५०, ५० चे २००.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस असते. ८ कोअरच्या मशीनवर अशा २०० प्रोसेस एकदम कामाला लागल्या तर कोअर, लॉक आणि डिस्क यांसाठी त्या एकमेकींच्या पायात पाय घालणार. दरवेळी नवं कनेक्शन जोडण्याचा खर्च पूल वाचवतो, हे खरंच. पण माझ्या मते त्याचं त्याहून मोलाचं काम म्हणजे रांग लावणं. ती रांग डेटाबेसच्या पोटात लागण्यापेक्षा ॲपच्या दारात लागलेली बरी. जावावाल्यांच्या हिकारीसीपीमध्ये पूलचा कमाल आकार मुळात १० आहे, आणि तो बहुतेकांना पुरतो. शिवाय हा आकडा ॲपच्या एका प्रतीपुरता असतो. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. १० च्या पूलचे १० कंटेनर चालवा, शेवटच्याला तीन कनेक्शन कमी पडतील.

मग १० कनेक्शन शेकडो लोकांना पुरतात कशी? एका ट्रान्झॅक्शनला ५ मिलिसेकंद लागत असतील तर एक कनेक्शन सेकंदाला २०० ट्रान्झॅक्शन उरकतं, १० मिळून २,०००. आता कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून मधेच ओटीपीचा एसएमएस पाठवण्याचा कोड घातला, आणि त्या सेवेने उत्तर द्यायला २ सेकंद घेतले. २,००० चे झाले ५! डेटाबेसचा सीपीयू निवांत, आणि इकडे हिकारीच्या दारात ३० सेकंद ताटकळून रिक्वेस्ट टाइमआउट होतायत. अशा वेळी पूल दुप्पट केला तर ५ चे १० होतील, एवढंच. आधी कमिट करा, कनेक्शन परत द्या, मग काय तो एसएमएस पाठवा.

"आम्ही नुसतं सिलेक्ट करतो, ट्रान्झॅक्शन कुठे उघडतो?" हाही नेहमीचा प्रश्न. पायथनमध्ये तुम्ही उघडत नाही, ड्रायव्हर उघडतो. सायकोपीजी या ड्रायव्हरमध्ये ऑटोकमिट मुळात बंद असतं, त्यामुळे पहिल्याच क्वेरीआधी, मग ती सिलेक्ट का असेना, गुपचूप बिगिन जातं. रिपोर्ट वाचून झाला, कमिट कुणी केलं नाही, की ते कनेक्शन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' होऊन बसतं. वाचलेल्या टेबलवरचं हलकंसं लॉक तसंच राहतं. एरवी ते कुणाला जाणवत नाही. पण दुपारी कुणी ऑल्टर टेबल चालवलं की ते त्या लॉकसाठी थांबतं आणि त्याच्यामागे त्या टेबलवरची पुढची साधी सिलेक्टसुद्धा खोळंबतात. दोष मात्र ऑल्टरवाल्याच्या माथी! अशी बसकण मारलेली कनेक्शन ठरावीक वेळाने तोडण्याची सेटिंग पोस्टग्रेसमध्ये ९.६ पासून आहे, पण ती आपण चालू करावी लागते. जावाच्या जेडीबीसीमध्ये उलटी तऱ्हा. तिथे ऑटोकमिट मुळात चालू असतं, म्हणून एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा करताना चूक आली, तर वजावट तशीच राहते.

सायकोपीजी २ मध्ये कनेक्शनवर लावलेला विथ ब्लॉक संपला की कमिट होतं, पण कनेक्शन बंद होत नाही. आवृत्ती ३ मध्ये बंदही होतं. जुना कोड नव्यावर नेताना हे आठवणीने पाहा.

राहिलं क्लोज. कमिट न करता क्लोज केलं की बदल आपोआप मागे जातात, अशी समजूत आहे. पायथनच्या ड्रायव्हरांसाठीचा नियम तसाच आहे, आणि हिकारीही कनेक्शन परत घेताना अर्धवट काम रोलबॅक करतो. ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर पूलशिवाय थेट वापरला, तर मात्र ऑटोकमिट बंद असतानाही क्लोज करताना तो कमिट करून मोकळा होतो.