बचनाग आणि अतिविष: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बचनाग हे ॲकोनिटम प्रजातीतल्या जहाल विषारी जातींचे मूळ. औषधी बाजारात या नावाने मिळते ते मुख्यतः पूर्व हिमालयातल्या ॲकोनिटम फेरॉक्सचे. प्रजाती मोरवेलीच्या कुलातली, म्हणजे रॅनन्क्युलेसीतली. तिच्या अडीचशेहून अधिक जाती उत्तर गोलार्धातल्या थंड, डोंगराळ मुलखात वाढतात. महाराष्ट्राच्या रानात त्यांपैकी एकही उगवत नाही.

तरीही ‘आमच्याकडे पावसाळ्यात बचनाग फुलतो’ असे कोकणात सांगणारे भेटतात, आणि ते काही खोटे बोलत नसतात. ते ज्याला बचनाग म्हणतात ती कळलावी: कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या फुलांची वेल. तिचा कंदही विषारीच, पण त्यातले विष कॉल्चिसीन आणि तिचे कुलही निराळे. कळलावी पोटात गेली की काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात; हिमालयी बचनागाचा घाला मुख्यतः हृदयावर पडतो. म्हणून रुग्णाने ‘बचनाग खाल्ला’ असे सांगितले तर कोणता, हे डॉक्टरांना कळणे फार महत्त्वाचे. ॲकोनिटमची खरी जवळची नातलग सह्याद्रीत आहे ती निळवंती. पाऊस ओसरताना कड्याकपारींत तिची निळी फुले दिसतात.

या दोघींच्या फुलांतला फरक पाहण्याजोगा आहे. निळवंतीच्या फुलामागे लांब शुंडी असते, तर ॲकोनिटमच्या डोक्यावर टोप. या टोपाला सर्रास पाकळी म्हटले जाते, पण ते वरचे निदल आहे. फुलाचे पाचही ठळक रंगीत भाग निदलेच असतात. खऱ्या पाकळ्यांपैकी दोन टोपाच्या आत मधुरसाच्या नळ्या होऊन बसलेल्या असतात आणि तिथवर पोचते ती लांब जिभेची, केसाळ बंबल माशी. सगळी फुले निळी-जांभळीच असतात असेही नाही. युरोपातल्या काही जातींची फुले पिवळी आहेत.

सगळ्यांत मोठा गैरसमज मात्र असा, की या प्रजातीतली प्रत्येक जात सारखीच विषारी. बाळगुटीत अतिविषाचे वेढे उगाळून देणाऱ्या घरांत, ते बचनागाचे सख्खे भावंड आहे हे बहुधा ठाऊकच नसते. अतिविष म्हणजे ॲकोनिटम हेटेरोफायलम, पश्चिम हिमालयातली जात. नाव भयंकर, पण तिच्या मुळांत ॲकोनिटीनऐवजी मुख्यतः अटिसीन असते. ते अतिशय कडू आणि तुलनेने निरुपद्रवी. बचनागातल्या ॲकोनिटीन आणि त्याच्या जवळच्या अल्कलॉइडांचे तसे नाही. चेतापेशी आणि हृदयाच्या स्नायूंतल्या सोडियमच्या वाटा ती बंदच होऊ देत नाहीत. आधी ओठ-जिभेला मुंग्या येतात, मग बधिरपणा पसरतो आणि पुढे हृदयाची लय बिघडते. शुद्ध ॲकोनिटीनचे दोनेक मिलिग्रॅमही माणसाचा जीव घेऊ शकतात. अतिविष महाग असल्याने त्यात भेसळ होते, आणि भेसळीत विषारी जातीचे मूळ आले तर तान्ह्या बाळाची गाठ थेट विषाशी पडते. बाळासाठी सुट्या मुळ्या आणण्याच्या सवयीचा म्हणूनच फेरविचार व्हायला हवा. चव घेऊन पारख करणे तर धोक्याचेच.

बचनागाच्या शोधनाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. गोमूत्रात भिजवणे, दुधात शिजवणे ही निव्वळ अंधश्रद्धा, असे एक मत. शोधन झाले की औषध पूर्ण निर्धोक, असे दुसरे. दोन्ही चूक. पाण्यात दीर्घकाळ उकळल्यावर ॲकोनिटीनच्या रेणूतले एस्टर बंध तुटतात आणि त्याचे कितीतरी कमी विषारी घटक होतात. चीनमध्येही ही मुळे औषधात वापरण्याआधी याच कारणासाठी शिजवतात. पण विष किती उरले हे मूळ, वेळ आणि तापमान यांवर ठरते. नुसते वाळवल्याने विष जात नाही. त्रिभुवनकीर्ती रसासारख्या औषधांत शुद्ध वत्सनाभ, म्हणजे शोधन केलेला बचनाग, असतो, आणि वत्सनाभाची नोंद औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहे. सर्दी-तापावर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घ्यायच्या या गोळ्या नव्हेत.

बचनागाच्या झाडाच्या नुसत्या स्पर्शाने माणूस मरतो, ही समजूत बागकामाच्या गप्पांतून पसरली. विष त्वचेतून, विशेषतः जखमेतून, थोडेफार शिरू शकते. म्हणून झाड हाताळताना हातमोजे घालावेत. पण गंभीर विषबाधेच्या बहुतेक घटनांत मूळ पोटात गेलेले असते, तेही अनेकदा ओळख चुकल्याने. स्कॉटलंडमधल्या डिंगवॉल गावी 1856 मध्ये नोकराने हॉर्सरॅडिश समजून हेच मूळ खणून आणले आणि त्याच्या चटणीने मेजवानीतले दोन धर्मगुरू दगावले. कॅनडातल्या मार्कम शहरात 2022 मध्ये एका उपाहारगृहातले ग्राहक आजारी पडले, तेव्हा दोष निघाला ॲकोनाइट मिसळलेल्या मसाल्याच्या पुडीचा.

रहस्यकथांमुळे हे विष तपासात सापडत नाही, अशीही ख्याती झाली आहे. ती दीडशे वर्षे जुनी आणि तेव्हाही डळमळीतच होती. इंग्लंडमध्ये डॉक्टर जॉर्ज लॅमसनने 1881 मध्ये मेव्हण्याला ॲकोनिटीन देऊन मारले. तज्ज्ञ टॉमस स्टीव्हन्सन यांनी शरीरातून काढलेला अर्क चक्क स्वतःच्या जिभेवर ठेवून मुंग्या येतात का ते पाहिले, तोच उंदरांना टोचला आणि न्यायालयात साक्ष दिली. लॅमसनला 1882 मध्ये फाशी झाली. आजची उपकरणे रक्तातले अत्यल्प ॲकोनिटीनही ओळखतात. उतारा मात्र अजून नाही. रुग्णालयात हृदयाची लय सावरणारी औषधे देतात आणि फारच बिघडले तर हृदय-फुफ्फुस यंत्राचा आधार घेतात. घरगुती उपायांत वेळ दवडणे जिवावर बेतू शकते.

राहिला शेवटचा समज: हिमालयात हवे तितके अतिविष आहे. मुळासाठी अख्खे झाड उपटावे लागते आणि रोप मूळ काढण्याजोगे व्हायला काही वर्षे जातात. बी धरण्याआधीच खणले, तर त्या जागी नवे उगवत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ आहे. तुटवड्यावर आयुर्वेदाने प्रतिनिधी द्रव्य पूर्वीच सांगून ठेवले आहे, ते म्हणजे नागरमोथा.