विश्लेषण : व्रण भरला म्हणजे सिफिलिस बरा झाला का?

सिफिलिसची, म्हणजेच गरमीची, पहिली खूण असते न दुखणारा व्रण. संसर्गानंतर साधारण 3 आठवड्यांनी तो जननेंद्रियावर, गुदद्वाराशी किंवा तोंडात उठतो आणि 3 ते 6 आठवड्यांत औषधाविना भरून येतो. रुग्णाला वाटते, दुखणे गेले. फसगत होते ती इथेच.

पुढे काय होते?

जिवाणू शरीरात राहतातच. काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर सहसा न खाजणारे चट्टे, ताप, केस गळणे अशी लक्षणे दिसतात, तीही विरतात. उपचार न घेतल्यास अनेक वर्षांनी हृदय किंवा मेंदूला इजा होऊ शकते. गर्भवतीकडून बाळाला लागण होऊन ते दगावू शकते. म्हणूनच गरोदरपणात सिफिलिससाठी रक्त तपासतात.

उपचार काय?

सुरुवातीच्या टप्प्यात बेंझाथिन पेनिसिलिनचा 24 लाख युनिटचा एकच डोस पुरतो. जुन्या आजारात आठवड्याला एक, असे तीन. पेनिसिलिनची अॅलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. जोडीदाराचीही तपासणी व उपचार हवेत, नाही तर पुन्हा लागण होते. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ही सेवा मोफत मिळते आणि माहिती गोपनीय राहते.