समरकंदची षष्ठांश कमान

तैमूरचा नातू उलुघ बेग याने 1420च्या दशकात समरकंदला उभारलेल्या वेधशाळेचे मुख्य यंत्र म्हणजे दक्षिणोत्तर रेषेवर बांधलेली, वर्तुळाच्या सहाव्या भागाएवढी आणि सुमारे 40 मीटर त्रिज्येची षष्ठांश कमान होय. मध्यान्ही वरच्या छिद्रातून आलेला सूर्यकिरण कमानीवर जेथे पडे, तेथील खुणेवरून सूर्याची उंची कळत असे. त्रिज्याच एवढी प्रचंड की एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, जवळजवळ 12 मिलिमीटर लांब होई; दुर्बिणीपूर्वीच्या काळात ही सूक्ष्मता खरोखर थक्क करणारी आहे. तिच्यामुळेच सूर्यमार्गाचा विषुववृत्ताशी असलेला कोन 23 अंश 30 कला 17 विकला असा अचूक ठरला. 1908 मध्ये उत्खननात सापडलेला कमानीचा खालचा, खडकात कोरलेल्या चरातील भाग आजही तेथे पाहता येतो.