कामाठी बागेतले पाच तास

हिवरा आश्रम, मेहकर भागातल्या मुलांशी बोललं की एकच प्रश्न निघतो : भरतीची तयारी करतोय, वय निघून चाललंय, पुढं काय? सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. स्वतःला विचारायला मात्र आपण बसत नाही.

सप्टेंबर 1917. बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, पण जातीमुळे राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या दहा-बारा जणांनी हुसकावलं. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास ते कामाठी बागेत बसून होते. त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय ते त्या वेळच्या सुन्नपणाबद्दल आणि दुःखाबद्दल. मला हे फार मोलाचं वाटतं. दिशा एका संध्याकाळी मिळत नसते. 'मूकनायक' निघाला तो 31 जानेवारी 1920 ला.

मग बसून करायचं काय? मज्झिम निकायात बुद्धांनी राहुलला आरशाचं उदाहरण दिलंय. कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहायचं : यानं मला, दुसऱ्याला की दोघांनाही त्रास होतो? चुकलं तर जाणत्या माणसापाशी कबूल करायचं, पुढं जपायचं. ध्यान जमत नसलं तरी हे जमतं. रात्री वहीत लिहा : आजचे तास कुठं गेले, कोणाच्या सांगण्यावरून गेले, कोणाच्या उपयोगी पडले. महिन्याभरानं ती वही विहारातल्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याला दाखवा. भरती सोडायची की आणखी एक वर्ष द्यायचं, ते या नोंदी समोर ठेवूनच बोला.