शिडाची सफर, दीपगृहाची सेवा ⛵

होडी हाकत बेटावर जायचं आणि दीपगृहाच्या डागडुजीला हात लावायचा, अशी सहल कशी वाटते?

अमेरिकेत ‘सी स्काउट्स’ ही 14 ते 20 वर्षांच्या मुलामुलींची दर्यावर्दी स्काउट शाखा आहे. त्यांच्या तुकडीला ‘जहाज’ म्हणतात आणि प्रमुखाला ‘स्किपर’. नौकानयनाइतकीच समाजसेवाही महत्त्वाची.

अशा सेवेसाठी झकास जागा म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळचं ईस्ट ब्रदर बेट. तिथलं लाकडी दीपगृह 1874 मध्ये उजळलं. 1969 मध्ये दिवा स्वयंचलित झाला, राखणदार गेले आणि खाऱ्या वाऱ्यात इमारत खंगली. 1979 मध्ये स्थानिकांनी संस्था काढली आणि स्वयंसेवकांच्या बळावर ती इमारत सावरली. पुढे तिथल्या मुक्कामी पाहुण्यांच्या पैशातून देखभाल होऊ लागली.

कामं साधी, पण न संपणारी: गंज खरवडणं, फळ्या बदलणं, रंग देणं. खिळ्यापासून रंगाच्या डब्यापर्यंत सगळं होडीनंच न्यायचं!

आपल्याकडे शिवरायांच्या खांदेरी दुर्गावर 1867 चं दीपगृह आहे. दुर्गप्रेमी मंडळींनो, पुढच्या फेरीला परवानगी काढा, हातमोजे आणि कचऱ्याची पोती सोबत न्या.

#दीपगृह #खांदेरी